केरनच्या चढणीवरचे मराठे

मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी आपले चार हुतात्मे येरवड्यास फासावर गेले, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पुढे अवघ्या दहाच वर्षांनी, मार्च १९४१ मध्ये, त्याच इंग्रजांच्या बाजूने पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण इटलीच्या इरिट्रिया वसाहतीत केरनचे उभे डोंगर चढत होती. वरून इटालियन सैनिक हातबाँब टाकीत. पाणी नि दारूगोळा शिपाईच पाठीवर वाहून नेत. २७ मार्चला केरन पडले. दोन साम्राज्यांच्या या भांडणातले शौर्य आपण कोणत्या खात्यात मांडायचे? माझ्या मते, आपल्याच! झेंडा परका खरा. पण चढलेली माणसं आपल्याच गावांतली होती.