रेच्यापुढच्या बाया

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बैल मोजले, गाड्या मोजल्या, गाठी मोजल्या. 1842 साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून तो कलकत्त्याकडे रवाना केला, असे जुन्या गॅझेटियरात म्हटले आहे. त्या वेळी वऱ्हाडात रेल्वे नव्हती आणि सरकी काढण्याची वाफेची यंत्रेही नव्हती. सरकी निघे ती हातचरकीवर, आणि चरकीपुढे बसत त्या बहुधा बायाच. लाख बैलांच्या पाठीवरची ती रुई किती हातांखालून गेली असेल, याचा हिशेब मात्र कोणत्याच बुकात सापडत नाही. लहानपणच्या अकोल्याविषयी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा मंडळाच्या भगिनींनी आग्रह धरला, तेव्हा थोरामोठ्यांच्या आठवणी द्याव्यात की काय, असे क्षणभर वाटले. पण थोर माणसे आमच्या गल्लीत फारशी येत नसत. म्हणून जे डोळ्यांनी पाहिले आणि आजीच्या व मायच्या तोंडून ऐकले, तेच लिहिते.

आमचे घर अकोट फैलात. कामकरी वस्तीला 'फैल' म्हणण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे; खामगावातही सती फैल आहेच. मातीच्या भिंती, वर टिन, पुढे हातभर अंगण, आणि गल्लीच्या तोंडाशी एक नळ. गल्लीत दोन जाती होत्या असे मी म्हणेन, आणि त्या धर्माच्या नव्हेत. एक मिलवाल्यांची, दुसरी जिनवाल्यांची. सावतराम मिलमध्ये किंवा मोहता मिलमध्ये ज्याचे नाव लागले, तो बारमाही पगाराचा धनी. त्याला वाणी उधार देई, त्याच्या मुलाला मुलगी लवकर मिळे. जिनात जाणारी बाई म्हणजे दसऱ्यापासून होळीपर्यंतची कामकरीण. पुढचे दिवस निंदण, खुरपण, नाहीतर नुसती वाट पाहणे.

त्यामुळे आम्हां पोरींचे पंचांगही कापसाचेच होते. भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई बसत, त्या कोजागरीला उठत. महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणावयाची, आणि डबा कानाशी हलवून आत खाऊ कोणता ते ओळखावयाचे. माझी माय त्या महिन्यात घरी असे. भुलाबाई उठण्याच्या सुमारास जिनाचा मुहूर्त होई, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिची भाकर फडक्यात बांधली जाई. जवारीची भाकर, जवसाची चटणी, कांदा. भुलाबाईच्या मागोमाग आमच्या आयाही जात, असे आम्हांला वाटे.

रेचा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. लांबच लांब शेडमध्ये रेच्यांच्या ओळी असत आणि शाफ्टवरच्या पट्ट्यांनी ते सारे एकदम फिरत. प्रत्येक रेच्यात चामड्याचा लाट. त्या लाटेला कापूस चिकटून आत ओढला जाई, पाती सरकी अडवून धरी, रुई पलीकडे पडे आणि सरकी खालच्या जाळीतून गळे. बाईचे काम रेच्याला घास देण्याचे. घास जास्त झाला तर लाट अडे, कमी झाला तर मुकादम ओरडे. त्यातच कवडी निवडून बाजूला टाकावयाची. सारी शेड फुफाट्याने पांढरी झालेली असे. नाकातोंडावर पदर बांधूनही माय घरी येई ती भुवया पिकलेल्या म्हातारीसारखी. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात तिची छाती दाटून येई, मग सवय होई. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या विकाराला डॉक्टर 'बिसिनोसिस' म्हणतात, हे मला फार पुढे कळले. माय म्हणे, "रुई बसली वं छातीत, जाईन पोळ्यालोक!"

माझे आजोळ अमरावतीचे. गावाभोवतीचा परकोट 1807 साली पेंढाऱ्यांच्या भयाने निजामाच्या राजवटीत बांधावयास घेतला, हे शाळेत शिकले. पण आजीच्या लेखी परकोटाचा उपयोग एकच, पहाटे जिनातून सुटल्यावर गारव्याचा वारा अडविण्याचा. पहाटे सुटल्यावर म्हणते, कारण आजी रात्रपाळी करीत असे. 1911 च्या कारखाने कायद्याने रात्री बायकांना कामावर ठेवण्यास बंदी घातली खरी, पण जिन-प्रेसना त्यातून मोकळीक दिली. ही मोकळीक 1922 च्या दुरुस्तीने गेली. मधली वर्षे आजीच्या तरुणपणाची. रात्री तान्ह्या पोराचे काय करावयाचे? तर मोहरीएवढी अफूची गोळी. मुंबईच्या गिरणगावातही कामकरी आयांचा हाच रिवाज होता, आणि 1920 नंतर तेथील डॉक्टरांनी त्याविषयी लिहूनही ठेवले. आजीची थोरली मुलगी, माझ्या मायच्या आधीची, अशीच एका सकाळी उठली नाही. हे आजीने मला एकदाच सांगितले, तेही गहू निवडता निवडता, मान वर न करता.

म्हणून मायने आपल्या लेकरांना गोळी कधी दिली नाही. तिने मला ठेवले. 1960 च्या हंगामात माझी धाकटी बहीण चार महिन्यांची होती आणि मी अकरा वर्षांची. शाळेची पहिली घंटा झाली की निम्मा वर्ग बसे, निम्म्या पोरी कडेवर भावंडे घेऊन गल्लीत. दुपारच्या भोंग्याला मी बहिणीला घेऊन जिनाच्या फाटकाशी उभी राही. माय बाहेर येऊन तिला पाजी आणि परत जाई. तेवढ्या वेळात ती मला विचारी, "आज काय शिकोलं?" मी काहीतरी सांगे.

वस्तुतः 1948 च्या कायद्यात स्पष्ट कलम होते की पन्नासांहून अधिक बाया कामाला असतील, तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली हवी. (पुढे 1976 साली पन्नासांचे तीस झाले.) त्या जिनात खोली होतीही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'पाळणाघर' लिहिलेले होते. कारखान्याचा इन्स्पेक्टर येण्याच्या दिवशी आत दोन पाळणे टांगत. एरवी तेथे बारदान भरलेले. अक्षरे वाचता येणाऱ्या बाया शेडमध्ये दोन-तीनच, पण ते अक्षर कशाचे आहे हे सगळ्यांना ठाऊक होते.

त्या पौषात काय झाले ते मी फाटकातून पाहिले. दुपारच्या सुटीत आठ-दहा बाया त्या खोलीत शिरल्या आणि बारदानाचे गठ्ठे एकेक करून अंगणात आणून ठेवू लागल्या. आरडाओरड नाही, घोषणा नाही. मुकादम धावत आला, तर एक म्हातारी, जिला सारी फैल बुढीमाय म्हणे, त्याला म्हणाली, "बापू, थंडीचे दिवस आहेत, बारदानाले ऊन दाखवतो." लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या गेल्या, आम्हां पोरींच्या कडेवरची भावंडे आत गेली. रेचा सोडून बुढीमायच तेथे बसली. तिची मजुरी जिनाने दिली नाही. बायांनी आठवड्याला वर्गणी काढून दिली, ती त्या हंगामापुरती आणि पुढच्या दोन हंगामांतही. भिशी, मंडळ, समिती यांपैकी कोणताच शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. मी मात्र त्या आठवड्यात सोमवार ते शनिवार सलग वर्गात बसले. भागाकार मला त्या आठवड्यात आला.

बुढीमायला आत बसविणे इतके सोपेही नव्हते, कारण ती रुळापलीकडच्या महारवाड्यातली. काही वर्षांपूर्वी शेडमध्ये पाण्याचे माठ दोन असत. 1956 च्या दसऱ्याला, म्हणजे 14 ऑक्टोबरला, नागपुरास बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि त्या मुहूर्ताला जिनातले कितीतरी रेचे बायांवाचून उभे राहिले. त्या सगळ्या पांढरी लुगडी नेसून आगगाडीने नागपुरास गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी देव काढले, आणि दुसऱ्या माठाकडे जाणेही सोडले. त्यावरून भांडणे झाली. माझी मायही पहिले काही दिवस घरून लोटा नेई, हे लपविण्यात अर्थ नाही. चार वर्षांनी तिनेच आपली मुलगी त्या म्हातारीच्या मांडीवर दिली. त्याच 1956 च्या नोव्हेंबरात आपला विदर्भ मुंबई राज्यात गेला. फैलात त्याची चर्चा माठाच्या मानाने फारच कमी झाली.

नाणे बदलले त्याची चर्चा मात्र पुष्कळ झाली. 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले. चार आण्यांचे पंचवीस हे सरळ, पण दोन आण्यांचे बारा आणि सहा आण्यांचे सदतीस. "अर्धा पैसा कुठी गेला?" असे माय वाण्याला विचारी. तो कोष्टकाकडे बोट दाखवी. आमच्या गणिताची सुरुवात अशी झाली.

कायद्याविषयी आणखी थोडे लिहिले पाहिजे, कारण आपल्या मंडळात आता वकील भगिनी आहेत. 1948 च्याच कामगार विमा कायद्यातून हंगामी कारखाने वगळले होते, आणि हंगामी म्हणजे कोणते, हे सांगताना कापसाचे जिन-प्रेस नाव घेऊन लिहिले होते. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत 160 दिवस काम भरावे लागे. माझा धाकटा भाऊ 1965 च्या जानेवारीत झाला, तेव्हा मी मायच्या हजेरीचे दिवस बोटांवर मोजून पाहिले होते. 160 भरत नव्हते. हंगामच मुळी तेवढा नव्हता. ही अट पुढे 80 दिवसांवर आली, पण त्यासाठी 1988 ची दुरुस्ती व्हावी लागली. तोवर माझ्या भावालाही मूल झाले होते.

1974 साली सरकारने आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यांत अकोल्याच्या दोन्ही मिल होत्या. गल्लीतल्या मिलवाल्यांनी पेढे वाटले. त्या मिलही नंतर बंद पडल्या. जिनांना 1972 पासून एकाधिकार खरेदीचा कापूस येऊ लागला होता, तो माझ्या मायने दोन हंगाम रेच्यात घातला आणि मग तिने काम सोडले. 2000 साली केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, त्यानंतर पुष्कळ जिनांत रेच्याला घास देण्याचे काम यंत्राकडे गेले. मध्यंतरी अकोट रस्त्यावरचे एक नवे जिन पाहून आले. शेड स्वच्छ होती, फुफाटा पुष्कळ कमी. बाया होत्या, कापसाच्या ढिगाशी बसून प्लॅस्टिकचे धागे आणि कवडी निवडत होत्या. एकीजवळ पोर होते. मी तिला पाळणाघराचे विचारले, तर तिने हाताने ऑफिसाच्या मागची खोली दाखविली. दाराला कुलूप नव्हते. आत दोन मुले झोपलेली होती, आणि कोपऱ्यात थोडे बारदान.