उन्हाच्या गावी हिरवा इग्वाना : आहार, निगा आणि नोंदणी

प्रतिनिधी, वाडी (नागपूर) :

काचेच्या पेटीत फांदीवर निश्चल बसलेले, वीतभर लांबीचे पोपटी पिल्लू पाहून इग्वाना घरी आणण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र हेच पिल्लू तीन-चार वर्षांत शेपटीसह चार-पाच फुटांचे होते आणि नीट सांभाळल्यास दहा-पंधरा वर्षे, क्वचित वीस वर्षेही जगते. बंदिवासातील कित्येक इग्वाना प्रत्यक्षात पहिल्या काही वर्षांतच दगावतात. त्यामागे बहुधा साथीचा रोग नसतो. चुकीचा आहार, सूर्यप्रकाशाचा अभाव आणि न मानवणारे तापमान ही तीन कारणे त्यांच्या मुळाशी असतात आणि तिन्ही टाळता येण्याजोगी आहेत.

वाडी परिसरात या प्राण्याला लागणाऱ्या दोन गोष्टी जवळजवळ फुकट मिळतात : शेवग्याचा पाला आणि भरपूर ऊन. अडचण आहे ती येथील हवामानाच्या टोकांची. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश, तर २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. ही दोन्ही टोके इग्वानाच्या जिवावर बेतणारी आहेत. म्हणून हा प्राणी पाळणाऱ्याचे खरे काम ताटलीत पाला टाकण्यापुरते मर्यादित राहत नाही. वर्षाचे बाराही महिने त्याच्यासाठी घरात एक वेगळे हवामान राखावे लागते.

मूळ घर आणि स्वभाव

हिरवा इग्वाना हा मध्य व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा रहिवासी. तेथील उष्ण, दमट जंगलांत, बहुधा पाण्याकाठच्या उंच झाडांवर तो राहतो. बाजारात निळा, लाल अशा नावांनी विकले जाणारे इग्वाना बहुतेक वेळा याच जातीचे रंगभेद असतात.

आपल्याकडील घोरपडीशी त्याचे दिसण्यात थोडे साम्य असल्याने आहाराबाबत मोठा गैरसमज होतो. घोरपड मांसाहारी आहे. इग्वाना पूर्ण शाकाहारी असून मुख्यतः पानांवर जगतो. त्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जीव पानांतील तंतू आंबवून पचवतात. पाठीवरची काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबणारी कातडीची झालर आणि गालावरचा मोठा गोल खवला या खुणांवरून तो ओळखता येतो.

पिंजरा कसा असावा?

मासे ठेवण्याची काचेची टाकी पिल्लालाही फार काळ पुरत नाही. पूर्ण वाढलेल्या इग्वानासाठी किमान सहा फूट लांब, सहा फूट उंच आणि तीन फूट रुंद पिंजरा लागतो. हा प्राणी झाडावर राहणारा असल्याने उंचीत काटकसर करू नये. आत त्याच्या अंगाएवढ्या जाडीच्या, घट्ट बसवलेल्या आडव्या फांद्या आणि लपण्यासाठी एक आडोसा असावा. तळाशी कागद किंवा धुता येणारी चटई अंथरावी. लाकडाचा भुसा व बारीक खडी पोटात गेल्यास आतडे तुंबते. दोन नर एका पिंजऱ्यात कधीही ठेवू नयेत.

तापमान : नागपूरचा उन्हाळा आणि हिवाळा

इग्वाना शरीरातील उष्णता स्वतः निर्माण करीत नाही; उबेच्या आणि सावलीच्या जागी हालचाल करून तो तापमान सांभाळतो. म्हणून पिंजऱ्याचे एक टोक उबदार आणि दुसरे तुलनेने थंड हवे. ऊब घेण्याच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश, इतरत्र २७ ते ३० अंश आणि रात्री सुमारे २४ अंश तापमान असावे. अंदाजावर विसंबू नये. दोन्ही टोकांना तापमापक लावावेत. उष्णतेचा दिवा जाळीच्या आड, प्राण्याच्या आवाक्याबाहेर असावा. विजेवर तापणारे दगड वापरू नयेत. त्यांनी पोट भाजते आणि प्राण्याला ते वेळेत जाणवत नाही.

उन्हाळ्यात टिनाच्या छताखालची खोली, बंद गच्ची किंवा उन्हात उभी केलेली मोटार इग्वानासाठी मृत्यूचा सापळा ठरते. अंगाचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की धोका सुरू होतो. तोंड उघडून धापा टाकणे ही त्याची पहिली खूण. अशा वेळी त्याला तत्काळ सावलीत न्यावे आणि साध्या पाण्याने अंग ओले करावे. बर्फाचे पाणी वापरू नये. घरोघरी लागणारे कूलर मात्र शत्रू नाहीत. मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्यांच्यामुळे खोलीला ओलावा मिळतो. फक्त हवेचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नये.

हिवाळ्यातील धोका अधिक छुपा असतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात कडाक्याच्या थंडीत झाडांवरचे इग्वाना बधिर होऊन खाली पडतात. जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान कार्यालयाने नागरिकांना तसा इशाराच दिला होता. डिसेंबर-जानेवारीतील नागपूरच्या रात्री त्याहून फारशा वेगळ्या नसतात. शिवाय अंग थंड असेल तर खाल्लेले अन्न पचत नाही, पोटातच कुजते. त्यामुळे रात्री प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर तापमान-नियंत्रकासह लावावा आणि जेवण सकाळीच द्यावे, म्हणजे पचनासाठी दिवसभराची ऊब मिळते. वीज गेल्यास पिंजरा घोंगडीने झाकून, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी आत ठेवता येते. हवा खेळती राहण्यास जागा सोडावी.

ऊन हेच औषध

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांच्या यूव्हीबी या पट्ट्यामुळे इग्वानाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर आहारातील कॅल्शियम कितीही असले तरी अंगी लागत नाही. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. खिडकीशी ठेवलेल्या काचपेटीतील इग्वानाला उजेड मिळतो, उष्णताही मिळते. मात्र हाडांना हवे ते मिळत नाही. उलट उन्हातील काचपेटी काही मिनिटांतच भट्टीसारखी तापते.

यासाठी जाळीचा पिंजरा गच्चीवर किंवा अंगणात ठेवून थेट ऊन द्यावे. हिवाळ्यात सकाळी अकरा ते दुपारी तीन ही वेळ चांगली. उन्हाळ्यात मात्र नऊच्या आत आटोपावे. पिंजऱ्याचा अर्धा भाग नेहमी सावलीत असावा आणि कोणीतरी जवळ थांबावे. मांजर, कुत्रा आणि घारीची भीती असते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरिता बनवलेली यूव्हीबी ट्यूब दिवसाला दहा-बारा तास लावावी. ट्यूब प्रकाश देत असली तरी तिच्यातील यूव्हीबी हळूहळू कमी होत जातो. त्यामुळे उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा सहा ते बारा महिन्यांत, ती बदलावी.

रोजच्या ताटात काय असावे?

आहारातील कॅल्शियम हे फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट असावे, हे इग्वानाच्या आहाराचे मूळ सूत्र आहे. ते पाळण्यासाठी दहा वाट्यांपैकी आठ वाट्या गडद हिरवा पाला, दीड वाटी इतर भाज्या आणि फार तर अर्धी वाटी फळ, असे साधे प्रमाण ठेवावे.

पाला : शेवग्याचा पाला, तुतीची पाने, जास्वंदीची पाने व फुले, लसूणघास, मोहरीचा व मुळ्याचा पाला, मेथी आणि सांभार आलटून पालटून द्यावा. रोज एकच भाजी देऊ नये.

इतर भाज्या : किसलेला कोहळा, बरबटीच्या व घेवड्याच्या कोवळ्या शेंगा, दोडके, थोडे गाजर.

फळे : पपई, अंजीर, आंबा. केळ्यात फॉस्फरस अधिक असल्याने ते क्वचितच द्यावे.

पिल्लांना पाला बारीक चिरून दिवसातून दोनदा, तर मोठ्या इग्वानाला दिवसातून एकदा खायला द्यावे. बाजारातील भाजीवर फवारणीचा अंश असू शकतो. म्हणून ती पाण्यात भिजवून, दोन-तीन वेळा धुऊनच वापरावी. फॉस्फरसविरहित कॅल्शियमची चिमूटभर भुकटी वाढत्या पिल्लांच्या पाल्यावर आठवड्यातून चार-पाच वेळा व मोठ्यांना दोन-तीन वेळा भुरभुरावी. ड जीवनसत्त्वाची पूरक औषधे मात्र पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. त्यांचा अतिरेकही घातक असतो.

काय देऊ नये?

अंडी, मांस, झुरळे, अळ्या आणि कुत्र्या-मांजरांचे तयार खाद्य पूर्णतः वर्ज्य मानावे. प्राणिज प्रथिनांनी पिल्लू झपाट्याने वाढल्यासारखे दिसते. पण त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो आणि ती निकामी झाल्याचे बाहेरून दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. दूध, पोळी, भात, बिस्किटे हेही त्याचे अन्न नव्हे.

पालक, चुका, चवळाई आणि घोळ या भाज्या माणसाला हितकर असल्या तरी त्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. त्या कधीतरी, अल्प प्रमाणातच द्याव्यात. कोबी व फुलकोबी रोज दिल्यास थायरॉइड ग्रंथीच्या कार्यात बाधा येऊ शकते. कांदा, लसूण आणि अव्होकॅडो देऊ नये. घराच्या आवारातील कण्हेर, रुई, धोतरा आणि घाणेरी या विषारी वनस्पतींपासून त्याला दूर ठेवावे.

पाणी आणि ओलावा

इग्वानाला साधारण ७० टक्के आर्द्रता मानवते. नागपूरच्या उन्हाळ्यात हवा त्याहून फारच कोरडी असते. दिवसातून दोन-तीन वेळा पाण्याचा फवारा मारावा, पाला ओलाच वाढावा आणि आठवड्यातून काही वेळा उथळ कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसू द्यावे. त्यामुळे कात सुटण्यासही मदत होते. कात तुकड्यातुकड्यांनी निघते. ती ओढून काढू नये. बोटांवर व शेपटीच्या टोकावर जुनी कात अडकून राहिल्यास रक्तपुरवठा थांबतो, म्हणून तेथे लक्ष ठेवावे. शिंकताना नाकातून उडणारी पांढरी पूड ही शरीराबाहेर टाकलेल्या क्षारांची असते. तो आजार नव्हे.

हाताळणी आणि स्वच्छता

इग्वानाला शेपटीने कधीही धरू नये. भीतीने ती तुटते आणि पुन्हा आल्यास पूर्वीसारखी येत नाही. छाती व पोटाखाली हात देऊन उचलावे. विणीच्या हंगामात एरवी शांत असलेला नरही आक्रमक होऊ शकतो. शेपटीचा फटका आणि दातांचा चावा दोन्ही गंभीर इजा करतात.

निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हाताळल्यानंतर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत, त्याला ओट्यावर फिरू देऊ नये. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती, वृद्ध किंवा दीर्घ आजारी व्यक्ती घरात असल्यास हा प्राणी न आणणेच श्रेयस्कर.

ही लक्षणे दिसताच उपचार घ्या

जबडा मऊ पडणे किंवा सुजणे, पाय जाड दिसणे, बोटे थरथरणे आणि चढण्याऐवजी पोटावर सरपटणे ही कॅल्शियमअभावी हाडे ठिसूळ झाल्याची लक्षणे आहेत. हाड मोडल्यावरच हा आजार ध्यानात येण्याचे प्रसंग टाळता येतात. सतत डोळे मिटून राहणे, अन्न सोडणे, श्वास घेताना आवाज येणे याही गोष्टी दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. मादी नराशिवायही अंडी घालू शकते. तिला ओलसर मातीची पेटी न मिळाल्यास अंडी पोटात अडकून ती दगावण्याचा संभव असतो.

इग्वाना आजारपण शेवटपर्यंत लपवतो. म्हणून दर महिन्याला वजन करून वहीत लिहून ठेवावे; घसरण तेथे आधी दिसते. प्रत्येक पशुवैद्यक सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करीत नाही. वाडीकरांनी प्राणी आणण्यापूर्वीच सेमिनरी हिल्स येथील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा खासगी दवाखान्यात याची चौकशी करावी. माणसांची औषधे घरच्या घरी देऊ नयेत.

नोंदणी बंधनकारक

हिरवा इग्वाना वन्यजीव व्यापारविषयक ‘साईट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या. त्यानुसार २०२४ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. इग्वाना बाळगणे, हस्तांतरित करणे, त्याला पिल्ले होणे किंवा त्याचा मृत्यू होणे याची माहिती केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदवणे आवश्यक आहे. विकत घेताना विक्रेत्याकडे त्या प्राण्याच्या नोंदणीची कागदपत्रे मागावीत. ती नसतील तर व्यवहार करू नये. घोरपड तर पहिल्या अनुसूचीतील वन्यप्राणी असून ती पाळणे गुन्हा आहे.

सांभाळणे अशक्य झाले म्हणून इग्वानाला अंबाझरी, फुटाळा किंवा गोरेवाड्याच्या झाडीत सोडणे हा उपाय नव्हे. तो येथील थंडीत मरेल. आणि तगलाच तर स्थानिक निसर्गाला उपद्रव ठरेल. फ्लोरिडा, पोर्तो रिको, तैवान आणि फिजी येथे पाळलेल्या किंवा बाहेरून आणलेल्या इग्वानांपासून वाढलेली संख्या आवरणे तेथील यंत्रणांना कठीण झाले आहे. अशा वेळी नियमानुसार दुसऱ्या जाणकार व्यक्तीकडे हस्तांतरण करावे किंवा वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर मार्गदर्शन घ्यावे.

आणण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

सहा फुटी पिंजऱ्याला घरात जागा आहे काय? जानेवारीतील रात्री आणि मेमधील दुपारी त्याचे तापमान कोण सांभाळेल? गावाला गेल्यावर रोजचा पाला कोण देईल? उपचार करणारा पशुवैद्यक ठाऊक आहे काय? आज शाळेत असलेला मुलगा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेल्यावर हा प्राणी कोणाचा? या पाचही प्रश्नांची उत्तरे तयार असतील, तर शेवग्याचा पाला आणि वाडीचे ऊन इग्वानाला दीर्घायुष्य देऊ शकते. एकाचेही उत्तर नसेल, तर तो पिंजरा रिकामा राहिलेलाच बरा.