पायी अंतर आणि दान : भूदान पदयात्रा व धर्मादाय मॅरेथॉन यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

लांब पल्ल्याची शर्यत धावून एखाद्या सामाजिक कार्यासाठी पैसा उभा करणे ही गोष्ट आज महाराष्ट्रातील शहरी सुशिक्षित वर्गाला परिचित झाली आहे. या प्रथेचा इतिहास सांगताना अभ्यासक व पत्रकार बहुधा लंडन किंवा कॅनडापासून सुरुवात करतात आणि मुंबईला येऊन थांबतात. तो क्रम चुकीचा नाही, पण अपुरा आहे. विसाव्या शतकात पायाने अंतर तोडून दान मागण्याचा सर्वांत मोठा प्रयोग भारतात झाला आणि तो करणारी व्यक्ती रायगड जिल्ह्यातील होती. विनोबा भावे यांचे गाव विचारले तर आमच्या वर्गातील बहुतेक विद्यार्थी वर्धा असे उत्तर देतात. प्रत्यक्षात ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथे, म्हणजे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात झाला. पहिली आधुनिक ऑलिंपिक मॅरेथॉन एप्रिल १८९६ मध्ये अथेन्सला धावली गेली, तेव्हा ते सात महिन्यांचे होते. हा अर्थात निव्वळ योगायोग.

भूदान पदयात्रा आणि धर्मादाय मॅरेथॉन यांत अंतराचे प्रयोजन काय होते आणि दिलेला शब्द प्रत्यक्षात कितपत उतरला, या दोन प्रश्नांपुरताच प्रस्तुत निबंध मर्यादित आहे.

धावणे आणि निधी

टेरी फॉक्स या कॅनडातील तरुणाचा एक पाय कर्करोगामुळे कापावा लागला होता. १२ एप्रिल १९८० रोजी त्याने अटलांटिक किनाऱ्यावरून कृत्रिम पायाने धावण्यास प्रारंभ केला. प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर, एवढीच त्याची मागणी होती. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर रोग बळावल्याने त्याला थांबावे लागले. पुढच्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला, मात्र त्याआधी त्याचे उद्दिष्ट पूर्ण झाले होते. १९८१ मध्येच लंडन मॅरेथॉन सुरू झाली. मुंबईत पहिली मॅरेथॉन १५ फेब्रुवारी २००४ रोजी झाली. तेथे २००९ पासून युनायटेड वे मुंबई ही संस्था निधिसंकलनाचे काम पाहते. धावक एखादी स्वयंसेवी संस्था निवडतो, आप्तमित्रांना देणगीचे आवाहन करतो आणि पैसा हिशेबासह त्या संस्थेकडे जातो. एका स्पर्धेच्या निमित्ताने जमणारा निधी चाळीस कोटी रुपयांच्या पुढे गेलेला आहे.

या पद्धतीत ४२.१९५ किलोमीटर हे अंतर देणगीदाराकडे नेणारा रस्ता नसते. देणगीदार घरीच असतो, क्वचित परदेशातही. अंतर ही मागणाऱ्याने दिलेली हमी असते. मी एवढे कष्ट घेतो आहे, तेव्हा माझी मागणी मनापासूनची आहे, असे धावक जणू सांगत असतो.

गागोदे ते पोचमपल्ली

विनोबांच्या पदयात्रेत अंतराचा अर्थ निराळा होता. मार्च १९५१ मध्ये ते वर्ध्याहून हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. त्या वेळी दान मागण्याची कोणतीही योजना त्यांच्यापुढे नव्हती. संमेलनानंतर सशस्त्र संघर्षाने होरपळलेल्या तेलंगणात ते गेले. १८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी भर सभेत शंभर एकर देऊ केली. पुढील सुमारे सात आठवड्यांत बारा हजार एकरांवर जमिनीचे दान मिळाले. पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून त्याच वर्षी दिल्लीला जातानाही ते पायीच गेले. एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले, तोवर तेरा वर्षे लोटली होती.

रोजची चाल सरासरी दहा-बारा मैलांची. नव्या गावी मुक्काम, सभा, दानपत्रे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे प्रस्थान. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असा त्यांच्या मागणीचा आशय असे. म्हणजे येथे पाय दात्याच्या दाराशी पोहोचण्यासाठी होते. दान द्यायचे ते गावासमक्ष, ज्यांना ते मिळायचे त्या भूमिहीनांच्या डोळ्यांदेखत. विनोबांनी आपल्या आठवणींत गागोद्याच्या घरचा फणस पिकल्यावर आई आधी गरे गावात घरोघर पाठवी, मग मुलांना देई, असे सांगितले आहे. त्यांच्या दानविषयक कल्पनेचे मूळ केवळ तेथे शोधणे भाबडेपणाचे ठरेल, परंतु दान म्हणजे उपकार नव्हे तर वाटणी, हा त्यांचा आग्रह या संस्काराशी जुळणारा आहे.

पैशाबाबतचे त्यांचे धोरण तर मॅरेथॉनच्या अगदी उलट होते. पुढे संपत्तिदान सुरू केले तेव्हाही त्यांनी निधी स्वतःकडे घेतला नाही. दात्याने उत्पन्नाचा ठरलेला वाटा आपल्याजवळच ठेवावा, सांगितलेल्या कामी खर्चावा आणि हिशेब कळवावा, अशी योजना होती. निधी साठला की संस्था सुस्तावते, ही त्यामागील भीती समजण्याजोगी आहे. तथापि दात्याच्या सचोटीवर एवढा भार टाकणारी व्यवस्था फार काळ टिकणे कठीणच होते.

संकल्प आणि नोंद

भूदानाचे उद्दिष्ट १९५७ पर्यंत पाच कोटी एकरांचे होते. १९५७ अखेर सुमारे ४५ लाख एकर जमिनीची दाने जाहीर झाली होती आणि त्यांपैकी सुमारे साडेसहा लाख एकर जमीन दोन लाखांच्या आसपास कुटुंबांना वाटली गेली होती. १९६१ च्या आरंभी वाटपाचा आकडा सुमारे ८ लाख ७२ हजार एकरांवर होता. बरीच जमीन नापीक होती, काही वादग्रस्त, तर काहींच्या बाबतीत दात्याला ती देण्याचा हक्कच नव्हता.

या तफावतीचे खापर दात्यांच्या अप्रामाणिकपणावर फोडले जाते. ते अंशतः खरेही आहे. परंतु एक कारण यात्रेच्या रचनेतच होते. दानपत्रावर सही होण्यास एक संध्याकाळ पुरत असे. मोजणी, महसूल दप्तरातील नोंद आणि नव्या मालकाला प्रत्यक्ष ताबा, आपल्याकडील भाषेत सात-बाऱ्यावर नाव चढणे, यांस महिने किंवा वर्षे लागतात. बिहारने त्यासाठी १९५४ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तोपर्यंत मागणारा कितीतरी गावे पुढे गेलेला होता. दप्तराच्या गतीपुढे पायी चालणेही वेगवान ठरले. मॅरेथॉनमध्ये हा पेच उद्भवत नाही, कारण तेथे पैसा मागितला जातो, जमीन नाही. पैशाची पावती तत्काळ मिळते आणि देणाऱ्याचे गावातील स्थान देणगीने तसूभरही बदलत नाही. मॅरेथॉनच्या हिशेबाचे यश तिच्या मागणीच्या माफकपणाशी जोडलेले आहे, हे विसरता येत नाही.

कुलाब्याचा वेगळा अनुभव

विनोबांच्या जन्मजिल्ह्यातील कुळांनी जमिनीचा प्रश्न दानाच्या वाटेने मांडला नव्हता. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला खोतीविरोधी संप सुमारे सहा वर्षे चालला. कुळांनी जमिनी ओसाड ठेवल्या आणि उपासमार पत्करली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याची तरतूद लागू झाली. भूदानाच्या उद्दिष्टाचे वर्षही १९५७ हेच. कायद्यातील पळवाटा सर्वश्रुत आहेत, तरी चरीच्या कुळाला हक्क हवा होता, दात्याचे मन वळण्याची वाट पाहणे त्याला मान्य नव्हते. धर्मादाय धावण्याची चर्चा करताना हा भेद बाजूला ठेवला जातो, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. जे काम शासनाचे कर्तव्य आहे त्यासाठी नागरिकाने धावावे का, हा प्रश्न चरीच्या बाजूने पाहिले तरच विचारता येतो.

वाहनाचा काळ

भूदानाची जागा पुढे ग्रामदानाने घेतली. ग्रामदानाच्या सुलभ स्वरूपात मालकी नावापुरती ग्रामसभेकडे जाई, जमिनीचा विसावा हिस्सा भूमिहीनांना द्यावयाचा असे आणि उरलेली जमीन दातेच कसत. १९६५ मध्ये बिहारच्या ‘तूफान यात्रे’साठी सत्तरीला आलेल्या विनोबांनी पदयात्रा सोडून मोटारीचा अवलंब केला. प्रकृतीचा विचार करता त्यात काही गैर नव्हते. मात्र एका मुक्कामी एक गाव ही मर्यादा सुटली आणि घोषणांचे आकडे झपाट्याने वाढले. १९६९ मध्ये जवळजवळ सारे बिहार ग्रामदानात आल्याचे जाहीर झाले. कायद्याने पक्की झालेली ग्रामदाने त्या मानाने फारच थोडी निघाली.