परदेशी युद्धस्मारकांवरील मराठी सैनिक आणि त्यांच्या मूळ अंत्यसंस्कारस्थळांचा शोध : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक सैनिक व मजूर समुद्रापार गेले. त्यांपैकी सुमारे ७४,००० परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धातही मराठी सैनिक आफ्रिका, इटली व ब्रह्मदेशाच्या रणांगणांवर लढले. मराठीतील इतिहासलेखनात या सैनिकांच्या शौर्याची दखल घेतली गेली आहे. परंतु मृत्यूनंतर त्यांच्या देहाचे काय झाले, दफन वा दहन कोठे झाले, आज ज्या स्मारकावर त्यांची नोंद आहे ते स्मारक आणि त्यांचे प्रत्यक्ष अंत्यसंस्कारस्थळ यांत काय संबंध आहे, या प्रश्नांकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

शिरूर कासारसारख्या भागासाठी हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा ठरतो. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर लगतचा पाथर्डीचा भाग ब्रिटिश मुलखात होता. त्यामुळे शेजारच्या दोन गावांतील सैनिकांच्या नोंदी दोन वेगळ्या राजवटींच्या दप्तरांत शोधाव्या लागतात.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) स्मारक आणि अंत्यसंस्कारस्थळ यांतील फरक स्पष्ट करणे, (२) मराठी सैनिकांच्या संदर्भात हा फरक कसा निर्माण झाला हे उदाहरणांसह पाहणे, (३) मराठवाड्यातील स्थानिक संशोधनासाठी उपयुक्त साधनांची चर्चा करणे.

स्मारक व समाधी यांतील फरक :

२१ मे १९१७ रोजी राजसनदेने इंपिरिअल वॉर ग्रेव्हज कमिशनची स्थापना झाली. आज ही संस्था कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या नावाने ओळखली जाते. हुद्दा, वंश वा धर्म असा भेद न करता प्रत्येक मृताचे नाव कायम राखावे, हे तिचे घोषित तत्त्व होते. ज्याची कबर ज्ञात आहे त्याला स्वतंत्र शिळा आणि ज्याची कबर ज्ञात नाही त्याचे नाव सामूहिक स्मारकावर, अशी विभागणी करण्यात आली. स्मारक म्हणजे समाधी नव्हे, ही गोष्ट संशोधकाने सतत ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

ही विभागणी दफनाच्या कल्पनेवर आधारलेली होती. हिंदू व शीख सैनिकांचे दहन होत असल्याने त्यांच्यासाठी 'कबर' ही संज्ञाच लागू पडत नव्हती. इंग्लंडमधील ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन जवळच्या टेकडीवर झाले. त्या जागी उभारलेल्या 'छत्री'चे अनावरण १ फेब्रुवारी १९२१ रोजी झाले. परंतु त्या ५३ जणांची नावे दहनस्थळाजवळ कोरली गेली ती २०१० मध्ये. दहनाची जागा निश्चित ठाऊक असूनही नावे तेथे पोहोचण्यास सुमारे ९० वर्षे लागली.

मेसोपोटेमिया : नावांऐवजी संख्या

मराठी सैनिकांच्या दृष्टीने पहिल्या महायुद्धातील सर्वांत महत्त्वाची आघाडी मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची होती. तेथे गेलेल्या ६व्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३वी, ११०वी व ११७वी या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मधील टेसिफोनच्या लढाईनंतर ही सेना कुत-अल-अमारा येथे मागे हटली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तिला वेढा पडला. उपासमार व रोगराईनंतर सुमारे १३,००० जणांना शरणागती पत्करावी लागली. त्यांतील अनेक युद्धकैदी वाळवंटातील पायपिटीत आणि अनातोलियाकडील रेल्वेच्या कामावर मरण पावले.

अशा परिस्थितीत अंत्यसंस्कारांच्या व्यवस्थित नोंदी राहणे कठीण होते. तथापि केवळ युद्धातील गोंधळ हे एकच कारण देता येत नाही. अमारा येथे नदीच्या डाव्या तीरावर हिंदी सैनिकांची स्वतंत्र दफनभूमी आहे. तेथे सुमारे ५,००० हिंदी सैनिकांचे स्मरण केले जाते आणि त्यांपैकी केवळ ९ जणांची ओळख पटलेली आहे. लष्करी अधिकाऱ्यांनी दफनांच्या सर्वंकष नोंदीच ठेवल्या नव्हत्या, हे त्याचे कारण होय.

बसरा येथील स्मारकाचे अनावरण २७ मार्च १९२९ रोजी झाले. त्यावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. मात्र ब्रिटिश सैनिकांची व अधिकाऱ्यांची नावे कोरताना सामान्य हिंदी सैनिकांची केवळ पलटणवार संख्या कोरण्यात आली. त्यांची नावे नोंदवहीत राहिली. सुभेदाराचे नाव भिंतीवर आणि त्याच्याच पलटणीतील शिपायाचा केवळ आकडा, अशी ही व्यवस्था होती. पुढे १९९७ मध्ये हे स्मारकही मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर अंतरावर नेण्यात आले. म्हणजे ज्यांची समाधी नाही अशांचे स्मारकही मूळ ठिकाणी उरले नाही.

एप्रिल २०२१ मध्ये कमिशनच्या विशेष समितीने आपला अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान १,१६,००० जणांची नावे कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, असे त्यात मान्य करण्यात आले. असमान स्मरण झालेल्यांत हिंदी सैनिकांची संख्या मोठी आहे.

नाईक यशवंत घाडगे : शौर्य नोंदले, समाधी अज्ञात

दुसऱ्या महायुद्धापर्यंत परिस्थिती सुधारली होती. सामान्य शिपायाचे नावही स्मारकावर कोरले जाऊ लागले. तरीही अंत्यसंस्कारस्थळाचा प्रश्न संपला नव्हता. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे याचे उत्तम उदाहरण होय. ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधील घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतील अप्पर टायबर खोऱ्यात धारातीर्थी पडले. तुकडीतील सर्व सहकारी ठार वा जखमी झाले असता त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल करून ती निकामी केली. या पराक्रमासाठी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

घाडगे यांच्या शेवटच्या क्षणांचे वर्णन अधिकृत कागदपत्रांत तपशीलवार आहे. परंतु त्यांची ज्ञात समाधी नाही. त्यांचे नाव कॅसिनो स्मारकावर आहे. ज्यांच्या दहनाची नोंद होती अशा हिंदी सैनिकांसाठी इटलीत सांग्रो नदीकाठच्या दफनभूमीत स्वतंत्र दहनस्मारक आहे. घाडगे यांचे नाव अशा दहनस्मारकावर नसून समाधी अज्ञात असलेल्यांच्या स्मारकावर आहे, यावरून त्यांच्या अंतिम संस्काराची खात्रीलायक नोंद कमिशनपर्यंत पोहोचली नसावी, असे अनुमान करता येते. सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाबाबत ही स्थिती असेल, तर इतरांची कल्पना करता येते. जुलै २०२३ मध्ये युद्धभूमीजवळील मोंतोने या गावात त्यांचे स्मारक उभे राहिले, ही समाधानाची बाब आहे.

खडकीचे उदाहरण :

याच प्रश्नाची दुसरी बाजू महाराष्ट्रातच पाहावयास मिळते. पुण्याजवळील खडकी येथील १९१४-१९१८ च्या स्मारकावर १,८०० हून अधिक सैनिकांची नावे आहेत. ब्रिटिश कुटुंबांच्या दृष्टीने हे परदेशी स्मारक होय. या सैनिकांचे दफन भारत व पाकिस्तानातील नागरी आणि छावणी दफनभूमींत झाले होते. त्या कबरींची देखभाल अशक्य झाल्याने नावे खडकीस आणली गेली. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतील ६२९ जणांचे अवशेष मार्च १९६२ मध्ये खडकीस हलविण्यात आले. त्यांच्या बाबतीत मूळ दफनभूमी व स्थलांतर या दोन्हींची नोंद आहे. अमाराच्या ५,००० आणि शिवडीच्या ६२९ यांची तुलना केली असता, फरक मृत्यूत नसून नोंद ठेवण्यात होता, हे स्पष्ट होते.

मराठवाड्यातील शोधाची साधने :

हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली व मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) येथे होत्या. १९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिश-हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्यातूनच आलेल्या २०व्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील हाय वूड येथे घोडदळाचा हल्ला चढविला. याखेरीज निजामाचे हैदराबाद लान्सर्स पॅलेस्टाईनच्या आघाडीवर होते. म्हणून बीड जिल्ह्यातील सैनिकाचा शोध केवळ मराठा पलटणींपुरता मर्यादित ठेवता येत नाही.

शोधाची सुरुवात कमिशनच्या नोंदवहीतून करावी. तीत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव व जिल्हा दिलेला असतो. त्यानंतर त्या पलटणीची युद्धदैनंदिनी, रुग्णालयांच्या नोंदी आणि विखुरलेल्या कबरी एकत्र आणताना भरलेली पत्रके पाहावीत. या पत्रकांत मूळ जागेचा नकाशा-संदर्भ असतो. सैनिक रुग्णालयात मरण पावला असल्यास दहन वा दफन त्या रुग्णालयाच्या परिसरात शोधणे सयुक्तिक ठरते.

ग्रामनामांची अडचण येथे मोठी आहे. इंग्रजी नोंदीतील 'शिरूर' म्हणजे पुणे जिल्ह्यातील घोडनदीचे शिरूर, लातूरचे शिरूर अनंतपाळ की शिरूर कासार, हे जिल्ह्याच्या उल्लेखाशिवाय ठरविता येत नाही. त्यातच घोडनदीचे शिरूर हे ब्रिटिशांचे जुने लष्करी ठाणे असल्याने घाईने काढलेला निष्कर्ष चुकण्याचा संभव अधिक असतो. बीडचे तत्कालीन 'भीर' हे लेखन आणि त्यासोबतचा हैदराबाद संस्थानाचा उल्लेख हीच अशा वेळी खात्रीची खूण ठरते.

कागदपत्रांइतकेच महत्त्व घरगुती परंपरांना द्यावे लागेल. रणात पडलेल्या पूर्वजाचा टाक देवघरात पुजण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीस शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध करतात, तर तिथी अज्ञात असल्यास ते सर्वपित्री अमावास्येस होते. एखाद्या घरात चतुर्दशीचे श्राद्ध पिढ्यान्‌पिढ्या होत असेल, तर त्यामागे युद्धातील मृत्यूची स्मृती असण्याची शक्यता तपासून पाहण्यासारखी आहे. ही परंपरा पुरावा नव्हे, परंतु पुराव्याकडे नेणारा दुवा निश्चितच आहे. उलट नोंदवहीत मृत्यूची तारीख सापडल्यास त्या घराला आपल्या पूर्वजाची तिथीही मिळू शकते.

निष्कर्ष :

१. परदेशी स्मारकावरील नोंद ही अंत्यसंस्कारस्थळाचा पुरावा नसते; दोहोंचा स्वतंत्र शोध घेणे आवश्यक आहे.

२. मराठी सैनिकांच्या समाध्या अज्ञात राहण्यास युद्धपरिस्थितीइतकीच नोंदींबाबतची वसाहतवादी असमानता कारणीभूत होती.

३. दफनावर आधारलेल्या स्मरणव्यवस्थेत दहन झालेल्या सैनिकांना उशिरा व अपुरे स्थान मिळाले.

४. मराठवाड्यासाठी ब्रिटिश व हैदराबाद संस्थानी अशा दोन्ही दप्तरांचा एकत्रित अभ्यास आवश्यक आहे.

५. पंजाबमधील पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांच्या नोंदवह्यांचे अंकीकरण झाले आहे. त्या धर्तीवर महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी तालुकानिहाय नोंदी गोळा करण्याचे काम हाती घ्यावे. घरोघरीच्या आठवणी सांगणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. दूरच्या वाळवंटातील प्रत्येक जागा आता सापडणार नाही. परंतु आकड्यामागील नाव, नावामागील गाव आणि गावातील घर यांचा दुवा जोडणे आजही शक्य आहे.