हाक आणि व्यत्यय : संगणकाच्या गाभ्याकडे जाणाऱ्या एका दाराचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्यातील आंजर्ल्याच्या खाडीवर पूल होण्यापूर्वी हर्णैकडून येणाऱ्या वाटसरूस तरीने पलीकडे जावे लागे. काठावरून त्याने हाक घालावी आणि नावाड्याने होडी आणावी, असा क्रम असे. होडी पात्रात असता वारा फिरला, तर तेही नावाड्यासच सावरावे लागे. हाक वाटसरूच्या गरजेने येते. वारा कोणास विचारून फिरत नाही. दोहोंचा बंदोबस्त मात्र एकाच हाताने व्हावयाचा, आणि वल्हे वाटसरूच्या हाती जावयाचे नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, त्याची स्थिती या नावाड्यासारखी आहे. चालू आज्ञावली स्वतःहून त्याच्याकडे जी मागणी करते ती सिस्टिम कॉल. बाहेरील उपकरण स्वतःच्या वेळेनुसार त्याचे लक्ष वेधते तो व्यत्यय, म्हणजे इंटरप्ट.

पाठ्यपुस्तकांत ही दोन प्रकरणे बहुधा एकत्र येतात. त्यामुळे ती जन्मतःच जुळी असावीत असा विद्यार्थ्यांचा ग्रह होतो. वस्तुतः तसे नाही. व्यत्यय जन्मास आला तो काटकसरीतून. सिस्टिम कॉल जन्मास आला तो अविश्वासातून. हा भेद ध्यानी न घेतल्यास पुढील घडामोडींचा अर्थ लागत नाही.

प्रथम काटकसर पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडविलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. ४० बिटांचे २,०४८ शब्द एवढीच त्याची मुख्य स्मृती होती. त्या पिढीच्या यंत्रांत सामान्यतः एका वेळी एकच आज्ञावली चाले आणि संपूर्ण यंत्र तिच्या स्वाधीन असे. परंतु फीत वाचणारे उपकरण गणनेच्या मानाने फार मंद. ते सिद्ध झाले की नाही हे पुनःपुन्हा विचारण्यात यंत्राचा मोलाचा वेळ जाई. यावर उपाय असा की, उपकरणानेच खूण करावी. यंत्राने हातची आज्ञा पुरी करून, आपण कोठे होतो हे नोंदवून, उपकरणाचे काम उरकावे व पुन्हा मूळ जागी परतावे. अमेरिकेतील डिसीक या यंत्रात १९५४ मध्येच अशी सोय होती. नेदरलँड्समध्ये डाइक्स्ट्रा यांनी एक्स-१ या यंत्रासाठी व्यत्यय हाताळणारी आज्ञावली रचली व १९५९ च्या आपल्या प्रबंधात तिचे विवेचन केले. व्यत्यय कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नसल्याने त्यातून उद्भवलेली चूक पुन्हा घडवून दाखविता येत नाही, ही त्यांची मुख्य चिंता होती. ती आजही निराधार ठरलेली नाही.

आता अविश्वास. १९६४ मध्ये त्याच टाटा संस्थेत सीडीसी-३६०० हा मोठा संगणक आला आणि देशातील अनेक संस्थांच्या संशोधकांची कामे त्यावर होऊ लागली. यंत्र जेथे अनेकांचे होते, तेथे एकाच्या चुकीने दुसऱ्याचे काम बिघडू नये हा प्रश्न उभा राहतो. १९६२ मध्ये उद्घाटन झालेल्या मँचेस्टरच्या अ‍ॅटलास यंत्रात सुपरवायझर नावाची नियंत्रक आज्ञावली होती. सामान्य आज्ञावलीने उपकरणास हात न लावता ‘एक्स्ट्राकोड’ या विशेष आज्ञांच्या द्वारे तिच्याकडे मागणी करावयाची, असा तेथे दंडक होता.

हे दोन प्रवाह एप्रिल १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम-३६० या मालिकेत स्पष्टपणे एकत्र आले. तिच्यात व्यत्ययांचे पाच वर्ग होते, आणि ‘सुपरवायझर कॉल’ हा त्यांतीलच एक. म्हणजे मागणीसही व्यत्ययाचाच वेष देण्यात आला. कारण सरळ आहे : स्थितीची नोंद करणे, अधिकार वाढविणे आणि ठरलेल्या पत्त्यावर जाणे, ही यंत्रणा व्यत्ययासाठी आवश्यकच होती, हाकेसाठी वेगळे दार कशास हवे? याच मालिकेशी सुसंगत असा ईसी-१०३० हा सोव्हिएत बनावटीचा संगणक पुढे पवईच्या आयआयटीत आला.

तथापि एका दाराची ही सोय पुढे महाग पडली. लिनक्सने १९९१ पासून सिस्टिम कॉलसाठी १२८ क्रमांकाचा व्यत्यय वापरला. जलद प्रोसेसरांवर तो मार्ग मंद ठरताच इंटेल व एएमडी यांनी दिलेल्या स्वतंत्र आज्ञा लिनक्सने स्वीकारल्या. हाकेचे दार पुन्हा वेगळे झाले. व्यत्ययाच्या बाबतीत उलट अनुभव आला : जाळ्यावरून पाकिटांचा पूर लोटला की गाभा व्यत्यय घेण्यातच गुंतून पडे व प्रत्यक्ष काम होत नसे. १९९६ मध्ये मोगल व रामकृष्णन यांनी याची चिकित्सा केली. त्यांच्या उपायात गर्दीच्या वेळी व्यत्यय थांबवून उपकरणास पुन्हा विचारत राहणे होते. काटकसरीसाठी टाकलेली रीत काटकसरीसाठीच परत आली.

अविश्वासाची बाजू मात्र सुटली नाही. जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या मेल्टडाउन या दोषाने, दारातून न जाताही गाभ्यातील मजकूर वाचता येतो हे दाखविले. उपाय म्हणून गाभ्याची व आज्ञावलीची स्मृतिकोष्टके विभक्त करावी लागली, आणि दारातून जाण्यायेण्याची किंमत वाढली. २०१९ मध्ये लिनक्समध्ये आलेली आयओ-युरिंग ही रीत अनेक मागण्या सामायिक वर्तुळाकार रांगेत ठेवून फेऱ्या कमी करते.

सारांश, या दारात वेग आणि विश्वास यांचा हिशेब सतत नव्याने मांडावा लागला आहे. फेऱ्या कमी करणारी प्रत्येक नवी रीत काय वाचविते, हे अभ्यासकाने अवश्य मोजावे; परंतु ती वल्हे कोणाच्या हाती देते, हे त्याआधी पाहावे.