प्रश्न विचारायचे कुणाला?

गेल्या वर्षी आईने बीपीची गोळी बंद केली आणि आम्हाला ते तीन आठवड्यांनी कळलं. डोकं दुखतंय म्हणून आकुर्डीतच डॉक्टरांकडे नेलं तेव्हा वरचा आकडा १८०च्या पुढे गेला होता. लसणाने गोळी सुटते, असं तिने एका व्हिडिओत पाहिलं होतं. मी सॉफ्टवेअरवाला. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो, आणि घरातली ही मात्र दिसली नव्हती.

मग इंजिनिअरी उत्साह उफाळून आला. सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी एका रविवारी वर्गच घेतला. माहिती कोण देतंय, कधीची आहे, देणारा काही विकतोय का, जागतिक आरोग्य संघटना काय म्हणते, असं सगळं स्लाइड्सवर दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न एकही आला नाही. नंतर लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी हळूच फोन पुढे केला. पाळी जाण्याबद्दलचा एक भयंकर मेसेज त्या कित्येक महिने कुणालाही न दाखवता जपून होत्या.

त्या लिफ्टमुळे मी रघुनाथ धोंडो कर्वे वाचायला घेतले. 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक आता फोनवर वाचता येतात.

महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा. जन्म १८८२चा. डॉक्टर नव्हे, गणिताचा प्राध्यापक. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी त्यांचं केंद्र उघडलं होतं, म्हणजे मुंबई काही फार मागे नव्हती. या कामापायी कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि ऑक्टोबर १९५३मध्ये मरेपर्यंत, पत्नी मालतीबाईंच्या साथीने, तोटा सोसत चालवलं.

मासिकात लेख होतेच, पण मला खिळवून ठेवलं ते वाचकांच्या प्रश्नोत्तरांनी. त्या काळात वर्तमानपत्रांत शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिरातींचा सुकाळ होता. हस्तमैथुनाने माणूस खंगतो ही भीती आधी घालायची, मग औषध विकायचं. (आजच्या रील्सचा धंदा याहून वेगळा आहे का?) अशा भेदरलेल्या माणसाला कर्वे थोडक्यात, जवळजवळ रुक्षपणे सांगत की याने काही बिघडत नाही. धीर देणं नाही की उपदेश नाही. विचारलं यात लाज वाटण्यासारखं काही आहे, असं मात्र त्यांच्या उत्तरात कुठे जाणवत नाही.

१९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो अशाच प्रश्नोत्तरांवरून. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मासिक लैंगिक आरोग्याला वाहिलेलं आहे, वाचक त्याबद्दल विचारतात, मग उत्तरं द्यायची नाहीत तर काम बंद करायचं का, असा युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक थांबलं नाही.

आता माझ्याच स्लाइडचा नियम त्यांना लावून पाहिला, 'सांगणारा काही विकतोय का?', तर पंचाईत होते. कर्वे गर्भनिरोधक साधनं विकत असत. म्हणजे माझ्या वर्गात ते नापास. पण ते स्वतःच्या नावाने लिहीत, त्यासाठी कोर्टात उभे राहत, आणि त्या भीतीतून त्यांना काही मिळत नव्हतं, कारण ती ते घालवत होते. माझा नियम चुकीचा नाही, अपुरा आहे. कर्व्यांचं सगळंच खरं होतं असंही नाही. नव्वद वर्षांपूर्वीच्या विज्ञानावर आज कुणी औषध घेऊ नये.

ते गेल्यावर काही महिन्यांतच, १९५४मध्ये, आक्षेपार्ह औषध-जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा आला. मधुमेह, रक्तदाब अशा आजारांवरच्या औषधांच्या जाहिरातींना त्याने मनाई केली. गंमत म्हणजे त्याच कायद्याने गर्भधारणा टाळण्याच्या औषधांच्या जाहिरातींवरही बंदी घातली. भोंदू आणि कर्वे एकाच कलमात.

पुढच्या वर्गाला मी लॅपटॉप नेलाच नाही. बिस्किटांचा रिकामा डबा आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या, नाव लिहायचं नाही म्हणून सांगितलं. सतरा चिठ्ठ्या निघाल्या. उत्तरं मी दिली नाहीत. काहींची आम्ही सगळ्यांनी मिळून फोनवर शोधली, कुठल्या पानावर का विश्वास ठेवायचा यावर भांडलो, आणि उरलेल्या सोसायटीतल्याच एका डॉक्टर ताईंकडे दिल्या.

एका चिठ्ठीवरचं अक्षर मला ओळखू आलं. 'गोळी जन्मभर घ्यायची, तर मग आजार बरा होतो तो कधी?' नऊ वर्षं आई ती गोळी घेत होती आणि हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं.