चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल

चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल (२७ जून, १८४६ – ६ ऑक्टोबर, १८९१) हे आयर्लंडमधील राष्ट्रवादी नेते व ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. १८७५ पासून मृत्यूपर्यंत ते हाऊस ऑफ कॉमन्समध्ये होते आणि १८८० ते १८९० या काळात आयरिश संसदीय पक्षाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. आयर्लंडला स्वतःचे विधिमंडळ मिळावे, ही 'होमरूल'ची मागणी त्यांच्यामुळे ब्रिटिश राजकारणाचा मध्यवर्ती प्रश्न बनली.

पूर्वायुष्य

पार्नेल यांचा जन्म विक्लो परगण्यातील अ‍ॅव्हनडेल या वडिलोपार्जित वाड्यात झाला. घराणे प्रोटेस्टंट जमीनदारांचे होते. बहुसंख्य कॅथलिक कुळांच्या देशात त्यांचा नेता या वर्गातून यावा, ही गोष्ट समकालीनांनाही नवलाची वाटे. मात्र घराण्याला इंग्रजविरोधाची परंपरा होती. पणजोबा सर जॉन पार्नेल यांनी आयर्लंडची संसद ब्रिटनमध्ये विलीन करणाऱ्या १८०० च्या कायद्याला विरोध केला होता, तर आई डेलिया या अमेरिकन नौदलातील अधिकारी चार्ल्स स्टुअर्ट यांच्या कन्या होत्या.

केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात ते १८६५ मध्ये दाखल झाले. एका मारामारीच्या प्रकरणात त्यांना काही काळासाठी काढण्यात आले आणि पदवी न घेताच ते परतले. वाचनाची त्यांना फारशी आवड नव्हती. क्रिकेट, खाणी आणि यंत्रे यांत त्यांचे मन रमे. स्वभाव अबोल व काहीसा तुटक होता. अंधश्रद्धाही बऱ्याच होत्या, आणि आयर्लंडचा राष्ट्रीय रंग मानला जाणारा हिरवा रंगच त्यांना अशुभ वाटे.

संसदेतील अडवणूक

१८७४ मध्ये डब्लिन परगण्यातून त्यांचा पराभव झाला. आरंभीची त्यांची भाषणे इतकी अडखळती होती की मित्रांनाही त्यांच्याविषयी आशा वाटत नव्हती. एप्रिल १८७५ मध्ये मीथ परगण्याच्या पोटनिवडणुकीत ते निवडून आले.

होमरूल पक्षाचे तेव्हाचे नेते आयझॅक बट हे सौम्य प्रकृतीचे वकील होते. युक्तिवादाने इंग्रजांचे मन वळविता येईल, असे त्यांना वाटे. पार्नेल यांनी जोसेफ बिगर यांच्यासह वेगळी वाट धरली. कोणत्याही विधेयकावर लांबलचक भाषणे करणे, दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या सुचविणे, सभा तहकुबीची मागणी पुन्हा पुन्हा करणे, असे सगळे नियमात बसणारे मार्ग वापरून त्यांनी सभागृहाचे काम अडवून धरले. जानेवारी १८८१ च्या अखेरीस दडपशाहीच्या विधेयकावर सभागृह सलग ४१ तास चालले. शेवटी सभापतींनी स्वतःच्या अधिकारात चर्चा थांबविली. चर्चा बंद करण्याचे नियम ब्रिटिश संसदेत आले ते या अडवणुकीमुळेच. अल्पमतातील गटाने सभागृहाचेच नियम शस्त्रासारखे वापरण्याचे हे तंत्र पुढे अनेक देशांच्या विधिमंडळांत दिसले.

भूमी संघ आणि बहिष्कार

१८७० च्या दशकाच्या अखेरीस पिके बुडाली, शेतमालाचे भाव कोसळले आणि खंड थकल्यामुळे कुळांना घराबाहेर काढण्याचे प्रकार वाढले. २१ ऑक्टोबर १८७९ रोजी डब्लिन येथे भूमी संघाची स्थापना झाली. संघटनेची कल्पना व मेहनत मुख्यतः मायकल डेव्हिट यांची होती. ते स्वतः जमिनीवरून हुसकावलेल्या कुळाचे पुत्र होते. अध्यक्षपद मात्र जमीनदार पार्नेल यांच्याकडे आले. निधी जमविण्यासाठी ते अमेरिकेत गेले आणि २ फेब्रुवारी १८८० रोजी तेथील प्रतिनिधिगृहापुढे त्यांचे भाषण झाले. त्याच वर्षी ते कॉर्क शहरातून निवडून आले व पक्षाचे नेते झाले.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत त्यांनी एक उपाय सांगितला. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी रस्त्यात, बाजारात, दुकानात, प्रार्थनास्थळातही कोणी संबंध ठेवू नये. मारहाण मात्र करू नये. काही आठवड्यांतच मेयो परगण्यातील जमिनीचे कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट यांच्यावर असे सामाजिक वाळीत टाकणे आले. नोकर सोडून गेले, दुकानदार माल देईनात. अल्स्टरमधून सुमारे ५० मजूर आणून, सैन्य व पोलिसांच्या पहाऱ्यात त्यांचे पीक काढावे लागले. पहाऱ्याचा खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. मराठीत आजही वापरला जाणारा 'बॉयकॉट' हा शब्द या कॅप्टनच्या आडनावावरून आला आहे.

पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या १८८१ च्या भूमी कायद्याने रास्त खंड, जमीन कसण्याची हमी आणि कुळाला आपला हक्क विकण्याची मुभा ही तत्त्वे मान्य केली. खंड थकलेल्या कुळांना मात्र त्यात स्थान नव्हते. पार्नेल यांनी कायद्यावर टीका चालू ठेवल्याने १३ ऑक्टोबर रोजी त्यांना अटक करून डब्लिनच्या किल्मेनम तुरुंगात ठेवण्यात आले. भूमी संघावर बंदी आली, पण ग्रामीण भागातील हिंसा उलट वाढली. अखेर थकबाकीदारांना दिलासा आणि त्याबदल्यात शांततेसाठी पार्नेल यांचे सहकार्य, अशी अलिखित तडजोड होऊन २ मे १८८२ रोजी त्यांची सुटका झाली.

चारच दिवसांनी, ६ मे रोजी, डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये नवे मुख्य सचिव लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश आणि वरिष्ठ अधिकारी थॉमस बर्क यांचा सुऱ्यांनी खून झाला. हे कृत्य एका गुप्त संघटनेचे होते. पार्नेल यांनी त्याचा निषेध केला व राजीनामा देण्याची तयारी ग्लॅडस्टन यांना कळविली. ग्लॅडस्टन यांनी तो देऊ नये असा सल्ला दिला.

होमरूल विधेयक

यानंतर पार्नेल यांनी चळवळीचा भर जमिनीवरून संसदेकडे वळविला. पक्षाच्या निर्णयाप्रमाणेच मतदान करण्याची आणि ते न जमल्यास राजीनामा देण्याची लेखी शपथ उमेदवारांकडून घेतली जाऊ लागली. १८८४ मध्ये मताधिकार विस्तारला आणि १८८५ च्या निवडणुकीत पक्षाला ८६ जागा मिळाल्या. लिबरल व कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षांमधील फरकही ८६ जागांचाच होता. सत्तेचा तराजू आयरिश पक्षाच्या हाती आला.

ग्लॅडस्टन यांनी होमरूलचा पुरस्कार केला. ८ जून १८८६ रोजी विधेयक ३० मतांनी फेटाळले गेले, कारण जोसेफ चेंबरलेन यांच्यासह लिबरल पक्षातील मोठा गट विरोधात गेला. तरीही ब्रिटनमधील दोनपैकी एक मोठा पक्ष होमरूलशी बांधला गेला होता.

बनावट पत्रे

१८ एप्रिल १८८७ रोजी लंडनच्या 'द टाइम्स'ने पार्नेल यांच्या सहीचे म्हणून एक पत्र छापले. त्यात बर्क यांच्या खुनाचे समर्थन होते. चौकशीसाठी तीन न्यायाधीशांचा आयोग नेमण्यात आला. फेब्रुवारी १८८९ मध्ये पत्रे पुरविणारे पत्रकार रिचर्ड पिगट यांची उलटतपासणी पार्नेल यांचे वकील सर चार्ल्स रसेल यांनी घेतली. त्यांनी पिगट यांना काही शब्द लिहायला लावले. बनावट पत्रातील एका इंग्रजी शब्दाची चूक पिगट यांनी तशीच पुन्हा केली. ते माद्रिदला पळाले व तेथे त्यांनी आत्महत्या केली. यानंतर पार्नेल सभागृहात आले तेव्हा ग्लॅडस्टन यांच्यासह विरोधी बाकांवरील सदस्यांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले. 'द टाइम्स'ने त्यांना ५,००० पौंड भरपाई दिली.

घटस्फोटाचा खटला व पक्षफूट

१८८० पासून पार्नेल यांचे कॅथरिन ओ'शे यांच्याशी संबंध होते. त्यांचे पती कॅप्टन विल्यम ओ'शे हे काही काळ पार्नेल यांच्याच पक्षाचे संसद सदस्य होते. राजकीय वर्तुळात ही गोष्ट अनेकांना ठाऊक होती. डिसेंबर १८८९ मध्ये कॅप्टन ओ'शे यांनी घटस्फोटाचा दावा दाखल केला आणि पार्नेल यांना त्यात प्रतिवादी केले. कॅथरिनशी विवाह करता यावा म्हणून पार्नेल यांनी बचावच केला नाही. त्यामुळे नोव्हेंबर १८९० मधील सुनावणीत एकाच बाजूची साक्ष लोकांपुढे आली.

ग्लॅडस्टन यांचे अनेक समर्थक धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट होते. पार्नेल नेतेपदी राहिले तर आपले नेतृत्व व्यर्थ ठरेल, असे त्यांनी पत्राने कळविले. पक्षाने पार्नेल यांची फेरनिवड नुकतीच केली होती. आता पेच पडला तो असा: नेता ठेवला तर होमरूल देऊ शकणारा मित्रपक्ष जातो, आणि नेता काढला तर इंग्रजांच्या सांगण्यावरून काढल्यासारखे होते. संसदेच्या समिती कक्ष क्रमांक १५ मध्ये १ ते ६ डिसेंबर असा वाद चालला. शेवटी जस्टिन मॅकार्थी यांच्यासह बहुसंख्य सदस्य बाहेर पडले आणि पार्नेल यांच्या बाजूला तीसहून कमी उरले. दरम्यान कॅथलिक बिशपही त्यांच्याविरुद्ध उभे राहिले होते.

पार्नेल यांनी माघार घेतली नाही. उत्तर किलकेनी, उत्तर स्लायगो व कार्लो या तिन्ही पोटनिवडणुकांत त्यांचे उमेदवार हरले. प्रचारात एकदा त्यांच्या तोंडावर चुना फेकण्यात आला. २५ जून १८९१ रोजी त्यांनी कॅथरिनशी विवाह केला. २७ सप्टेंबरला क्रेग्ज येथे भर पावसात त्यांनी सभा घेतली. ती अखेरची ठरली. ६ ऑक्टोबर रोजी ब्रायटनजवळील होव येथे वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. अंत्ययात्रेस प्रचंड जनसमुदाय होता.

नंतरचा काळ

दुसरे होमरूल विधेयक १८९३ मध्ये कॉमन्समध्ये संमत झाले, पण लॉर्ड्सने ते फेटाळले. पक्षातील दोन्ही गट १९०० मध्ये जॉन रेडमंड यांच्या नेतृत्वाखाली एकत्र आले. जेम्स जॉइस आणि डब्ल्यू. बी. येट्स यांच्या लेखनात पार्नेल यांच्या पतनाचे पडसाद वारंवार उमटतात.

भारतातही या चळवळीकडे लक्ष होते. पार्नेलविरोधी गटातील संसद सदस्य आल्फ्रेड वेब हे १८९४ च्या मद्रास येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगाव येथे आणि अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रास येथे स्थापन केलेल्या संघटनांनी 'होमरूल' हे नाव आयर्लंडच्या चळवळीकडूनच घेतले.